२५२० ‘एकमेव’ नाही आणि रामानुजन यांचं काम पंचांगाचं गुपित नाही

गणित दिनाच्या भाषणासाठी भाचीने व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरणारा तो मेसेज जसाच्या तसा उतरवून घेतला आणि विचारलं, “मावशी, हे खरं आहे ना?” मेसेज असा: १ ते १० या सगळ्यांनी निःशेष भाग जाणारी २५२० ही जगातली एकमेव संख्या. पाश्चात्त्य गणितज्ञ तिच्यापुढे चक्रावले, मग रामानुजन यांनी उलगडा केला की ७ वार × ३० दिवस × १२ महिने = २५२०. म्हणजे हे आपल्या कालगणनेचं रहस्य! मोठी माणसं असलं काही पाठवतात तेव्हा मी सोडून देते. मुलांच्या वहीत उतरायला लागलं की गप्प बसवत नाही.

एकमेव कशी? ५०४० घ्या, ७५६० घ्या, १००८० घ्या. २५२०च्या सगळ्याच पटींना १ ते १० ने भाग जातो आणि त्या पटींना अंत नाही. २५२० त्यातली सर्वात लहान, एवढंच. ती काढायला सहावीतला लसावि पुरतो. ८ साठी २ तीनदा, ९ साठी ३ दोनदा, ५ आणि ७ एकेकदा. बाकीचे त्यातच आले. ८ × ९ × ५ × ७, संपलं. अशी सर्वात लहान संख्या कशी शोधायची हे प्राचीन ग्रीक गणितज्ञ युक्लिडने आपल्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या सातव्या पुस्तकात लिहून ठेवलंय, त्यामुळे कोणी चक्रावलं होतं हेही खोटं.

वार-महिन्यांचा गुणाकार बरोबर येतो, कारण ७, ३० आणि १२ फोडले की तेच अवयव मिळतात. ३० तिथी, १२ महिने, म्हणून ३६० तिथी, हे ठीक. पण त्यांना वारांच्या संख्येने गुणून कशाचं माप निघतं?

राग येतो तो रामानुजन यांचं नाव असं वापरल्याचा. २५२० त्यांच्या कामात आहे, एवढं अर्धसत्य मान्य करावंच लागेल. पण ते काम वेगळंच आहे. १९१५ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा दीर्घ निबंध आला. विषय: ज्यांना आपल्याहून लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असतात अशा संख्या. त्यातल्या तक्त्यात २५२० आहे. तिला ४८ विभाजक. तक्त्यातली आधीची १६८०, तिला ४०. शेजार बघा: २५१९ ला फक्त ४ विभाजक (१, ११, २२९ आणि ती स्वतः), तर २५२१ मूळ संख्या.

रामानुजन यांनी अशा संख्यांची ठेवण सिद्ध केली. अशा संख्येचे अवयव पाडले की मूळ संख्या २ पासून ओळीने, मधली एकही न गाळता येतात आणि त्यांचे घातांक पुढे जाताना कधी वाढत नाहीत. २५२० मध्ये २, ३, ५, ७ यांचे घातांक ३, २, १, १. शेवटच्या मूळ संख्येचा घातांक नेहमी १ असतो, अपवाद फक्त ४ आणि ३६. याच कामावर १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना पदवी दिली. हे सोडून मुलांना तीन आकड्यांचा गुणाकार सांगायचा?

२५२०चं खरंखुरं वेगळेपणही याच तक्त्यातल्या संख्यांमध्ये आहे. तिच्यानंतर येणाऱ्या अशा प्रत्येक संख्येला २५२० ने भाग जातो. पुढच्या सगळ्यांना असं भागणाऱ्या संख्या या कुळात सहाच आहेत: १, २, ६, १२, ६० आणि २५२०.