म्हणे, एका हाताने चेनसॉ चालवा!

गेल्या आठवड्यात मेव्हण्याने एक व्हॉट्सअॅप मेसेज पाठवला. वर ठळक अक्षरांत 'पाडलेल्या झाडाच्या फांद्या काढायला चेनसॉ घेताय? आधी हे वाचा!', मग पाच मुद्दे, शेवटी नेहमीचं 'जास्तीत जास्त शेअर करा'. आणि त्याखाली मेव्हण्याची स्वतःची ओळ: "दाजी, टॉप-हँडलवालं घेतोय. ऑर्डर टाकली." (टॉप-हँडल म्हणजे ट्रिगरचं हँडल मागे नसून मशीनच्या डोक्यावर असलेला चेनसॉ.) मेसेजचा हाच मजकूर आधी दोन ग्रुपांवर दिसला होता, तेव्हा हसून सोडून दिला होता. आता घरातल्या माणसाच्या बोटांचा प्रश्न आहे, म्हणून लिहितोय.

मजकुराचं म्हणणं असं: १) सगळ्यात हलकं मशीन तेच सगळ्यात चांगलं. २) टॉप-हँडल घ्या, ते एका हाताने चालतं, दुसऱ्या हाताने फांदी धरता येते. ३) बार, म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती पट्टी, लांब घ्या, वाकावं लागत नाही. ४) छोटं मशीन उसळत नाही, चेन जागीच थांबवणाऱ्या ब्रेकची कटकट नको. ५) बॅटरीवालं म्हणजे खेळणं.

दुसरा आणि चौथा मुद्दा आधी घेतो. बाकीचे चुकले तर पाठ दुखेल, पैसे जातील. हे दोन चुकले तर हात जाईल.

बारच्या वरच्या बाजूने चेन पुढे धावते आणि टोकाला वळून खाली येते. टोकाचा वरचा अर्धा भाग लाकडाला लागला की दाते झेपणार नाही एवढा घास घेतात आणि अडकतात. मग सगळा जोर उलटा फिरतो आणि बार वर उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. हाच किकबॅक. 'अरे' म्हणायलाही वेळ मिळत नाही. आडव्या पडलेल्या झाडावर तर फांद्यांचं जाळं असतं. तुम्ही एक फांदी कापत असता आणि बारचं टोक मागच्या न दिसणाऱ्या दुसऱ्या फांदीला लागतं. म्हणजे किकबॅकला बोलावणं पाठवायचं तर याहून चांगली जागा नाही.

अशा वेळी वाचवतो तो पुढच्या हँडलवरचा डावा हात. अंगठा हँडलखालून वळवून पकडलेला, कोपर शक्य तितकं सरळ. मशीन उसळलं की मनगट हँडलसमोरच्या उभ्या गार्डवर आदळतं आणि ब्रेक लागतो. तो गार्ड पालापाचोळा अडवायला बसवलेला नाही, तो ब्रेकचा खटका आहे. बऱ्याच मशीनांत झटक्यानेही ब्रेक लागतो, पण मनगटाचा आधार तुम्ही स्वतःच काढून घेतलेला असतो. आता मेसेजचा सल्ला पुन्हा वाचा: डाव्या हाताने फांदी धरा. म्हणजे हात हँडलवरून काढा आणि नेमका चेनच्या वाटेत ठेवा. वर ब्रेकची कटकटही नको! हे लिहिणाऱ्याने चेनसॉ फक्त चित्रात पाहिला असावा.

आणि छोटं मशीन उसळत नाही? उलट हलकं मशीन लवकर फिरतं, त्याला जागेवर दाबून ठेवायला स्वतःचं वजनच नसतं. त्यात टॉप-हँडलची दोन्ही हँडलं जवळजवळ. पकड जेवढी जवळ, तेवढी तरफ तोकडी. दाराची कडी सोडून बिजागरीजवळ दार ढकलून बघा, कळेल.

टॉप-हँडल वाईट नाही. ते झाडावर दोराने लटकून काम करणाऱ्या शिकलेल्या माणसासाठी आहे, तिथे मागे लांब हँडल अडचणीचं होतं. हे माझं मत नाही. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ११६८१ चे यासाठी दोन वेगळे भागच आहेत: पहिला जंगलकामाच्या चेनसॉचा, दुसरा झाडावर चढून करायच्या कामाच्या चेनसॉचा. टॉप-हँडलच्या माहितीपुस्तिकेतही हे मशीन प्रशिक्षित माणसासाठीच आहे असं बजावलेलं असतं. पुस्तिका उघडली असती तर हा मेसेज जन्मालाच आला नसता.

एका हाताने चालणारी मशीनं असतात, हे खरं. मनगटाएवढ्या डहाळ्यांसाठी चार-सहा इंची बारची बॅटरीवाली छाटणी-करवत मिळते. बहुधा तिचा व्हिडिओ बघून हे ज्ञान आलं असावं. पाडलेल्या झाडाच्या मांडीएवढ्या फांदीला ती लावून बघू नका.

आता पहिला मुद्दा. यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. फांद्या काढताना मशीन शेकडो वेळा सरकवावं, फिरवावं लागतं. स्टिल कंपनीची एमएस ६६१ साडेसात किलोच्या आसपास आहे, मोठे बुंधे पाडायला उत्तम. दिवसभर फांद्यांवर फिरवलीत तर संध्याकाळी हात वर जाणार नाही. हलकंच हवं. पण 'सगळ्यात हलकं' कशाला? जमिनीवर काम करताना मशीन हवेत तोलायचंच नसतं. खोडाच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, मशीन खोडावर टेकवून सरकवत न्यायचं, मागचं हँडल उजव्या मांडीला टेकू द्यायचं. वजन खोड पेलतं. म्हणून मागे हँडल असलेलं, चार ते पाच किलोचं, साधारण ३५ ते ५० सीसीचं मशीन पुरतं. आणि कॅटलॉगमधला आकडा बहुतेक वेळा बार, चेन आणि पेट्रोल सोडून असतो. बार-चेनचा किलोभर आणि अर्ध्या लिटर पेट्रोलचे पावणेचारशे ग्रॅम मिळवा, मग तुलना करा.

हे सगळं फोनवर ऐकल्यावर मेव्हणा म्हणाला, "ऑर्डर रद्द केली, दाजी. पण बार १८ इंची घेऊ ना?" नाही! उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे लाकूडतोडे लांब बार घेऊन खोडावर चालत फांद्या काढतात, पण त्यांची झाडं अवाढव्य आणि मशीनही तसंच दांडगं. ४० सीसीला लांब बार लावला की पुढून जड होतं, चेनला जोर कमी पडतो आणि टोक नजरेआड जातं. त्या टोकाचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. १३ ते १५ इंच बस.

बॅटरी खेळणं नाही. ट्रिगर सोडला की मोटर बंद, दोन फांद्यांच्या मध्ये इंजिन घुरघुरत राहत नाही. दिवसभर सलग काम असेल तर बॅटऱ्या पुरत नाहीत, एवढंच. मात्र तिथेही वजनाचा घोळ आहे. छापलेला आकडा पुष्कळदा बॅटरीशिवायचा असतो आणि बॅटरी एकटीच किलो-दीड किलोची भरते. तेव्हा मशीन हातात घेऊन बघशील तेव्हा बॅटरी आत आहे ना, ते आधी बघ.