रंग उडाला की शिव्या डब्याला? फिरत्या मेसेजचा समाचार

पावसाळा सरत आला की नागपुरातल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. सार असं: भिंतीचा रंग निघतो, कारण माल हलका असतो किंवा पेंटर पाणी घालून डबे वाचवतो. म्हणून महागातला वॉटरप्रूफ रंग घ्या, ओल दिसेल तिथे आतून डॅम्पप्रूफचे (ओल अडवणाऱ्या लेपाचे) दोन हात मारा, पुट्टी जाड भरा, काम मे महिन्यात काढा म्हणजे रंग उन्हात पक्का होतो. नवं घर असेल तर प्लास्टर होताच रंगवून टाका. मग दहा वर्षं बघायला नको.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेलही. पण हे वाचून लोक त्याच भिंतीवर दोन वर्षांत दुसऱ्यांदा पैसे ओततात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"माल हलका म्हणून पोपडे निघतात." निघालेला पोपडा उलटा करून बघा. मागे पांढरी भुकटी लागली असेल, तर रंग जुन्या चुन्यावर किंवा डिस्टेंपरवर चढवलाय, खरवडाई झालीच नाही. महाल-इतवारीकडच्या जुन्या, वर्षानुवर्षं चुना खाल्लेल्या भिंतींवर हे सर्रास दिसतं. पोपड्यासोबत पुट्टीचा अख्खा थर आला, तर पुट्टीने प्लास्टर धरलंच नव्हतं. मागे मिठासारखे बारीक कण चमकत असतील, तर तो खार, म्हणजे ओलीसोबत बाहेर आलेले क्षार. आणि नुसती रंगाची साल सुटली, खालचा जुना तेलाचा रंग तसाच गुळगुळीत, तर तो न घासता वरून इमल्शन (पाण्यात कालवायचा रंग) ओढलंय. (तेलाचा जुना रंग घासायचाच, पण पाणी मारून ओल्या कागदाने. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७पासून आली. त्याआधीच्या दारा-खिडक्यांची कोरडी धूळ लेकरांच्या पोटात जाऊ नये.) यातल्या कुठल्याही प्रकारात महागडा डबा आणून फरक पडला नसता. पेंटर पाणी जास्त घालतो, हे काही वेळा खरं असतं. पण त्याची खूण वेगळी: रंग नीट झाकत नाही, ढगाळ चट्टे दिसतात, भिंतीवरून हात फिरवला तर तळवा रंगतो.

"ओल दिसेल तिथे आतून डॅम्पप्रूफ." मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. पाणी विटांतून, प्लास्टरातून वाट काढताना तिथले क्षार विरघळवून सोबत आणतं. भिंतीच्या तोंडाशी पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि वरच्या थराला बाहेर ढकलतात. तुम्ही आतलं तोंड बंद केलं म्हणून पाणी यायचं थांबत नाही. ते थर संपतो त्याच्या वरून निघतं. कमरेपर्यंत डॅम्पप्रूफ मारलेल्या हॉलमध्ये पुढच्या पावसाळ्यात छातीच्या उंचीवर पट्टा उमटतो, तो यामुळे.

ओल कुठून येते, हे तिच्या जागेवरून बरंच कळतं. जमिनीपासून मीटरभर सलग पट्टा असेल, तर जोत्यावर डीपीसी (जमिनीतली ओल वर चढू न देणारा थर) नाही, किंवा अंगणात भर टाकून आणि पेव्हिंग ब्लॉक बसवून अंगणच डीपीसीच्या वर गेलंय. छताच्या कोपऱ्यात डाग असेल तर गच्चीचा उतार आणि पावसाळी पाइप बघा. बाथरूमच्या पाठच्या भिंतीवर नळाच्या उंचीला असेल तर आतलं फिटिंग. आणि खिडकीच्या खाली, तेही भर उन्हाळ्यात ओल दिसली तर संशयित ठरलेला: कुलर. खिडकीला चिकटवून ठेवलेला, भरताना सांडणारा, तळातल्या बुचातून थेंब थेंब गळणारा. त्यात बोअरचं जड पाणी. बाहेरून पाहिलं तर स्टँडच्या रेषेत पांढरे ओघळ खाली उतरलेले असतात, आणि घरमालक मात्र रंगाच्या दुकानदाराशी भांडत असतो. बूच बदला, स्टँड भिंतीपासून चार बोटं दूर सरकवा. डॅम्पप्रूफच्या एका डब्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

खात्री करायची तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी टेप लावून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या अंगाला दव धरलं, तर पाणी भिंतीतूनच येतंय. तोवर रंगाचं नाव काढू नका. फुटलेला खार कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतला तर विरघळून परत आत जातो.

"मे महिन्यात रंग पक्का होतो." आपल्याकडे मेमध्ये पारा ४५च्या पुढे जातो, पश्चिमेच्या भिंतीला दुपारी हात लावता येत नाही. इमल्शनमधलं पाणी सावकाश गेलं तर त्यातले बाइंडरचे (रंग भिंतीला धरून ठेवणाऱ्या चिकट घटकाचे) कण एकमेकांना धरून सलग पडदा करतात. तापल्या भिंतीवर पाणी झपकन उडतं, पडदा अर्धवट राहतो, रोलरचे जोड दिसतात. तेलाच्या रंगाची वरची साय लवकर धरते आणि आत कोंडलेला थिनर फोड आणतो. मे चांगला आहे तो खरवडाईला, भेगांना आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला, कारण भिंत तेव्हा सगळ्यात कोरडी असते.

तसं बघितलं तर दिवाळीची घाईही तितकीच वाईट. पाऊस विदर्भातून ऑक्टोबरच्या सुमारास परततो, चार महिने पाणी प्यालेली भिंत आठ-दहा दिवसांत कोरडी होत नसते. दिवाळीला फार तर आतल्या कोरड्या खोल्या काढा. बाहेरचं काम डिसेंबर ते फेब्रुवारी, दव उडाल्यावर, सावलीतली बाजू धरत.

जाड पुट्टीचं म्हणाल, तर दोन पातळ हात, मिळून दीडेक मिलीमीटर, बास. त्याहून खोल खड्डा प्लास्टरनेच भरायचा. भेगांचं प्रकरण वेगळं. काळ्या मातीवरच्या ले-आऊटमधल्या घरांत दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात, कारण माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. घर हलतं, कडक पुट्टी हलत नाही, भेग पुन्हा तिथेच. केसाएवढी असेल तर ताणला जाणारा फिलर चालतो. बोट शिरत असेल तर पेंटरला नव्हे, इंजिनिअरला बोलवा.

नव्या प्लास्टरला निदान २८ दिवस द्या, आणि त्यानंतरही भिंत कोरडी झाली का ते बघा. ताजं सिमेंट अल्कलीयुक्त असतं, त्यावर तेलाचा रंग मारला तर त्याचा अक्षरशः साबण होतो आणि चिकट चट्टे पडतात.

राहिली दहा वर्षांची हमी. भडक लाल, जांभळा, झगझगीत पिवळा यांतली बरीच रंगद्रव्यं आपल्या उन्हात लवकर फिकटतात. गेरूसारखे लोहाचे मातकट रंग टिकतात. हे शेड कार्डवर लिहिलेलं नसतं. वॉरंटीच्या कागदावर मात्र लिहिलेलं असतं, बारीक अक्षरांत: गळती, मुरलेली ओल आणि बांधकामातल्या भेगा बहुधा त्यात धरत नाहीत. म्हणजे तुमच्या भिंतीला जे झालंय, नेमकं तेच. तेव्हा कोटेशन घेताना रंगाचं नाव नंतर विचारा. खरवडाई, घासाई, प्रायमर यांच्या वेगळ्या ओळी आणि वेगळे दर आधी लिहून घ्या. "सगळं धरून इतके" म्हणणारा ठेकेदार नेमकं काय गाळणार, ते या ओळी मागितल्या की कळतं.