वापरकर्त्याला केंद्रस्थानी बसवण्याची रीत

संदेशांची देवाणघेवाण करणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून, म्हणजे ॲपमध्ये काय बांधायचे हे ठरवणारा म्हणून, तुमची नेमणूक झाली असेल, तर पहिल्याच आठवड्यात तुमच्यासमोर एक अत्यंत धोकादायक गोष्ट येईल, ती म्हणजे सरळ शब्दांत लिहिलेली तक्रार. एखादी वापरकर्ती कळवते की, मैत्रिणीला पाठवायचा संदेश घाईघाईत चाळीस जणांच्या ग्रुपवर गेला. तो काढून टाकण्यासाठी तिने त्यावर बोट दाबून धरले, तेव्हा ‘सर्वांसाठी हटवा’ आणि ‘माझ्यासाठी हटवा’ असे दोन पर्याय एकाखाली एक, सारख्याच अक्षरांत आणि सारख्याच रंगात उघडले. गडबडीत अंगठा खालच्या पर्यायावर पडला आणि संदेश फक्त तिच्या फोनवरून नाहीसा झाला. उरलेल्या एकोणचाळीस फोनांवर तो सुखरूप राहिला, आणि तिच्या पडद्यावर तो आता दिसतच नसल्यामुळे सर्वांसाठी हटवायला तिच्या हाती काही उरले नाही. तिची मागणी एवढीच आहे की, हे दोन पर्याय एकमेकांपासून जरा लांब ठेवावेत, किंवा चुकीचे बटण दाबले गेले तर मागे फिरण्याची सोय द्यावी.

अननुभवी माणूस नेमका इथे स्वतःचा घात करून घेतो. तो उठतो, डेव्हलपरच्या टेबलापाशी जातो, दोघे मिळून पडद्याकडे पाहतात आणि काम उरकून टाकतात. मग तिमाही आढाव्यात दाखवायचे काय? एका दुपारी सुटलेल्या अडचणीला रोडमॅपवर, म्हणजे पुढच्या कामांच्या आराखड्यावर, जागा नसते, तिच्यासाठी वेगळी टीम मंजूर होत नाही आणि तिच्यावर भाषण द्यायला कोणी परिषदेत बोलावत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्याही हातून अशा दोन-तीन अडचणी भर दुपारी सुटल्या होत्या, आणि ‘व्यापक दृष्टी नाही’ हा शेरा मी पुढची तीन वर्षे वागवला. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये, म्हणून वापरकर्त्याला केंद्रस्थानी ठेवण्याची रीतसर पद्धत सांगतो. मध्यभागी बसवलेल्या माणसाचा मोठा फायदा असा की, त्याच्याभोवती कितीही फेऱ्या मारल्या तरी त्याला उठावे लागत नाही आणि आपण मात्र सतत हालचाल करताना दिसतो.

तक्रारीला तक्रार म्हणू नये. तिला ‘इनसाइट’, म्हणजे वापरकर्त्याविषयी गवसलेली जाण, म्हणावे. तक्रारीचे निवारण करावे लागते, इनसाइट मात्र नुसती मांडली तरी चालते. तक्रार करणाऱ्याने उपायही सुचवला असेल, तर हेन्री फोर्डच्या नावावर खपणारे ते वाक्य ताबडतोब काढावे की, लोकांना विचारले असते तर त्यांनी अधिक वेगवान घोडे मागितले असते. फोर्डने असे कधी म्हटल्याचा पुरावा सापडत नाही. पण ज्या मीटिंगमध्ये हे वाक्य उच्चारले जाते, तिथे पुरावा मागण्याची पद्धत नाही. घोडे कुठे पेंड खाते हे बोट ठेवून दाखवणारी वापरकर्ती या एका वाक्याने ‘घोडे मागणारी’ ठरते आणि पुढचे सहा महिने तुम्हाला मोकळे मिळतात.

त्यानंतर खऱ्या वापरकर्तीच्या जागी काल्पनिक वापरकर्ती आणावी. हिला आपल्याकडे ‘पर्सोना’ म्हणतात. सॉफ्टवेअर डिझायनर ॲलन कूपर यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा प्रत्यक्ष माणसांशी बोलून, त्यांना काय साधायचे आहे हे समजून घेऊन त्यातून ही व्यक्तिरेखा उभी करायची असा त्यांचा आग्रह होता. आपल्याला इतके खोल जाण्याचे कारण नाही. चौतीस वर्षांची, घाईत असलेली, तंत्रज्ञानाची आवड असलेली, हसऱ्या छायाचित्राची एक स्त्री मीटिंगच्या खोलीतच तयार करता येते. छायाचित्र छापून भिंतीवर लावावे. ती कधीही मेल पाठवत नाही, कोणत्याही निर्णयाला हरकत घेत नाही, आणि तुम्हाला जे फीचर बांधायचे आहे त्याचीच तिला आयुष्यभर गरज होती, असे निष्पन्न होते.

तरीही कधीकधी खरी माणसे बोलावून ती ॲप कसे वापरतात हे पाहावेच लागते. अशा एका चाचणीच्या वेळी मी काचेच्या अलीकडे बसलो होतो. पलीकडे साठीच्या आसपासच्या एक बाई होत्या. त्यांना ग्रुपवर एक संदेश पाठवायला सांगितला आणि मग तो काढून टाकायला सांगितला. त्यांनी संदेशावर बोट दाबून धरले, पर्याय उघडले आणि अंगठा हवेत थांबला. त्यांनी चष्मा सारखा केला, दोन्ही ओळी ओठांतल्या ओठांत वाचल्या आणि समोरच्या मुलीला विचारले, “सर्वांसाठी म्हणजे माझ्यासकट का? की मी सोडून बाकीचे सगळे?” मुलगी नियमाप्रमाणे काही बोलली नाही. बाईंनी क्षणभर विचार केला, “मला फक्त माझी चूक पुसायची आहे,” असे म्हणाल्या आणि ‘माझ्यासाठी हटवा’ दाबले. चूक आपली म्हणून ‘माझ्यासाठी’, हा त्यांचा हिशेब व्याकरणाच्या दृष्टीने बिनचूक होता. काचेअलीकडे आम्ही सहा जण होतो, आणि सहाही स्टिकी नोट्सवर थोड्याफार फरकाने एकच मजकूर उमटला: ‘वापरकर्त्यांचे प्रशिक्षण आवश्यक’. शब्द चुकले आहेत असे एकाही चिठ्ठीवर नव्हते. माझ्याही नव्हते. कारण शब्द आमच्याच टीमने लिहिले होते आणि ज्यांनी ते मंजूर केले होते ते माझ्या शेजारीच बसले होते.

चाचणीला किती माणसे बोलवावीत, याचे उत्तर तयार आहे. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली लिहून ठेवले आहे की, ५ जणांची चाचणी घेतली तरी वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. या वाक्याचा पूर्वार्ध तोंडपाठ करावा. उत्तरार्ध असा आहे की, सापडलेल्या अडचणी दुरुस्त कराव्यात आणि पुन्हा नव्या ५ जणांना बोलवावे. तो मोठ्याने वाचण्याची गरज नाही.

एखादा डिझायनर फार वाचलेला असतो. तो सांगेल की, व्हॉट्सॲपने २०१७ मध्ये सर्वांसाठी संदेश हटवण्याची सोय दिली तेव्हा मुदत अवघी ७ मिनिटे होती, ती पुढे तासाभराहून थोडी अधिक झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये २ दिवस १२ तासांपर्यंत वाढली. त्याच वर्षी डिसेंबरात, ‘माझ्यासाठी हटवा’ चुकून दाबणाऱ्यांकरिता ५ सेकंदांची माघार घेण्याची सोयही आली. म्हणजे आपल्या टेबलावरच्या तक्रारीचे उत्तर जगासमोर वापरात आहे, असे त्याला सुचवायचे असते. त्याचे मनापासून आभार मानावेत आणि म्हणावे, “आपले वापरकर्ते वेगळे आहेत.” हे विधान खोडून काढायचे तर आधी आपले वापरकर्ते कसे आहेत हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते, त्यामुळे ते सर्वस्वी सुरक्षित आहे.

आता प्रत्यक्ष फीचर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही स्थिती लोकांनी उगाच बदनाम केली आहे. सोमेश्वरी नवा कोरा बंब झळकत असेल, तर रामेश्वरीच्या धुराकडे बघतो कोण? हटवण्याच्या पर्यायांना हात लावू नये. त्याऐवजी हटवल्यानंतरच्या क्षणाचा ‘अनुभव’ समृद्ध करावा. संदेश हटवला की त्या जागी ‘हा संदेश हटवला गेला’ अशी ओळ राहते आणि ती वाचून ग्रुपमधले सगळे विचारतात, “काय होते?” साध्या चुकीकडे ज्यांचे लक्षही गेले नसते, ते या ओळीमुळे जागे होतात. ही ओळ काढून टाकता येईल, असे कोणी म्हणेल. तुम्ही मात्र तिच्याखाली एक बटण द्यावे, ज्यातून क्षमायाचनेचे तयार मजकूर उघडतील, सोबत सहा हलती चित्रे आणि आवाजाचा पर्याय. याला तीन स्प्रिंट, म्हणजे कामाचे ठरावीक मुदतीचे तीन टप्पे, सहज लागतात. चौथ्या स्प्रिंटमध्ये हे बटण चुकून दाबले जाते अशी तक्रार येईल. तीही इनसाइटच.

मोजमापाबाबत हयगय करू नये, कारण सारे श्रेय तिथेच आहे. चुकीचा संदेश परत घेता आला नाही की माणूस गप्प बसत नाही. तो ग्रुपवर खुलासा करतो, दोघा-तिघांना स्वतंत्रपणे समजावतो, मैत्रिणीला झाला प्रकार सांगतो आणि कोणी वाचले हे पाहायला दर दोन मिनिटांनी ॲप उघडतो. डॅशबोर्डवर, म्हणजे आकड्यांच्या फलकावर, या मनस्तापाचे नाव ‘एंगेजमेंट’, म्हणजे ॲपमधला सहभाग, असे आहे. तुम्ही बटण दुरुस्त केले असते तर हा आलेख खाली आला असता आणि त्याचा जाब तुम्हालाच विचारला गेला असता.

ए/बी चाचणीही अवश्य घ्यावी. वापरकर्त्यांचे दोन गट करायचे, एकाला जुना पडदा आणि दुसऱ्याला नवा दाखवायचा, मग फरक मोजायचा. संदेशांच्या ॲपमध्ये एक अडचण अशी आहे की, दोन्ही गटांतली माणसे एकाच ग्रुपमध्ये एकमेकांशीच बोलत असतात; नव्या पडद्यावाल्याने पाठवलेल्या क्षमायाचनेला जुन्या पडद्यावालाही उत्तर देतो, त्यामुळे एका गटावरचा परिणाम दुसऱ्यात झिरपतो आणि फरक मोजण्यात अर्थ उरत नाही. त्यावर उपाय म्हणजे सुटी माणसे न वाटता एकमेकांशी बोलणाऱ्यांचे अख्खे पुंजके वाटणे. त्याला वेळ लागतो आणि उत्तर खरे येण्याचा धोका असतो. तेव्हा सुटी माणसेच वाटावीत, आकडे रोज सकाळी पाहावेत आणि ज्या दिवशी आलेख आपल्या बाजूने झुकलेला दिसेल, त्या दिवशी चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर करावे. संख्याशास्त्र जाणणारे याला आक्षेप घेतात, पण त्यांना मीटिंगचे निमंत्रण कोण पाठवते, हे तुमच्याच हातात असते.

नवे फीचर आले की लोक ओरडतात. व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०१४ मध्ये संदेश वाचला गेल्याचे सांगणाऱ्या निळ्या खुणा आणल्या, तेव्हा इतका गलका झाला की काही आठवड्यांतच त्या बंद करण्याची सोय द्यावी लागली. असा कमकुवतपणा अनुकरणीय नाही. त्यापेक्षा स्नॅपचॅटचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. नवी मांडणी मागे घ्या म्हणून २०१८ मध्ये १२ लाखांहून अधिक लोकांनी विनंतीपत्रावर सह्या केल्या, तरी कंपनी म्हणाली की लोकांना सवय होईल. त्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीत रोजचे वापरकर्ते १९.१ कोटींवरून १८.८ कोटींवर आले, म्हणजे ज्यांना सवय झाली नाही ते निघून गेले आणि उरलेल्यांत सवय झालेल्यांचे प्रमाण आपोआप वाढले.

शेवटी राहिली ती मूळ तक्रार. दीड वर्षाने ती तुमच्या यादीत तळाशी सापडेल. ‘क्षमायाचना फीचरद्वारे निवारण’ असा शेरा मारून ती बंद करावी. बंद होताच वापरकर्तीला आपोआप मेल जातो, त्यात एकच प्रश्न असतो: हे ॲप तुम्ही इतरांना सुचवण्याची शक्यता ० ते १० पैकी किती? भिडस्त स्वभावाची असेल तर ती ६ देईल, आपण बरे गुण दिले असे तिला वाटेल आणि आपल्या हिशेबात ती निंदकांत जमा होईल, कारण ६ पर्यंतचे सगळे या पद्धतीत निंदकच धरले जातात. आमच्याकडे ही पाळी आली तेव्हा उत्तर आलेच नाही. मी नोंद उघडून पाहिली. तिने अकरा महिन्यांपूर्वी खाते काढून टाकले होते, आणि ते बटण मात्र तिला पहिल्या प्रयत्नात सापडले होते. मी तिचे नाव सर्व्हेच्या यादीतून वगळले, आणि त्या महिन्याची सरासरी घसरली नाही.