मुलांसाठी गायलं म्हणजे कमी दर्जाचं गायलं असं नसतं

अमेरिकन फोक, म्हणजे तिकडचं लोकसंगीत, म्हटलं की आपल्याकडे बॉब डिलन, फार तर पीट सीगर, आणि विषय संपला. पण जे लोक आयुष्यभर शाळेत, लायब्ररीत, समर कॅम्पमध्ये आईबापांसमोर आणि चिल्ल्यापिल्ल्यांसमोर गायले त्यांना 'बालगीतवाले' म्हणून बाजूला काढतात ते मला अजिबात पटत नाही.

एला जेन्किन्स घ्या. शिकागोत वाढलेली कृष्णवर्णीय बाई, संगीताचं रीतसर शिक्षण नाही, हातात युकुलेली नाहीतर माउथ ऑर्गन. 1957 ला फोकवेज या रेकॉर्ड कंपनीने तिची पहिली रेकॉर्ड काढली. ती एक ओळ म्हणणार, मग पोरं म्हणणार, बस एवढंच, पण ही कॉल अँड रिस्पॉन्सची पद्धत आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांबरोबर आलेली, शेतात राबताना आणि चर्चमध्ये टिकलेली, आणि एलाने ती चार वर्षांच्या पोरांना दिली तेव्हा लय कुठेही पातळ केली नाही. 2004 ला ग्रॅमीवाल्यांनी लाइफटाइम अचीव्हमेंट दिला. 2024 मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी गेली, आणि माझ्या फीडवर एक पोस्ट नाही, वाईट वाटलं खरंच.

आणि पीट सीगर तरी काय, 1955 ला अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, कमिटीपुढे आपली राजकीय मतं सांगायला साफ नकार दिला, मग टीव्हीची दारं बरीच वर्षं बंद, तेव्हा हा माणूस बँजो घेऊन शाळा, कॉलेज, कॅम्प फिरत राहिला. साठच्या दशकात फोकची जी लाट आली तिचे ऐकणारे तिथेच तयार झाले असं माझं ठाम मत आहे.

त्याची सावत्र आई रूथ क्रॉफर्ड सीगर, एकदम मॉडर्निस्ट कंपोझर, तिने 1948 ला मुलांसाठी लोकगीतांचं पुस्तक काढलं. त्यांच्याच घरी कामाला असलेली एलिझाबेथ कॉटन, डावखुरी, गिटार उलटी धरून वाजवायची!! तिचं वाजवणं पुढे कितीतरी गिटारवाले शिकले.

आता काही फॅमिली शोमध्ये बॅकिंग ट्रॅक, मोठी स्क्रीन, कान फाटेल एवढा आवाज. पोरांनी फक्त टाळ्या वाजवायच्या आणि आईबापांनी व्हिडिओ काढायचे. मग गायचं कोणी? हे संगीत समोरच्याने गायल्याशिवाय पूर्णच होत नाही हो.

अमेरिकेत राहणाऱ्या मित्रांनो, जवळच्या लायब्ररीत असा फुकट कार्यक्रम असेल तर पोरांना न्या, आणि स्वतः पण गा, सूर लागो न लागो. बाकीच्यांसाठी, फोकवेजचा खजिना आता स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालय संस्थेकडे आहे, एलाच्या रेकॉर्ड्स ऑनलाइन मिळतात. गाडीत लावा, आणि ती थांबली की पुढची ओळ तुम्ही म्हणा.