जाड कातडीची थाप

मावशीने काल फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला: अमेरिकेतली काळी मुलं आजारी पडतात ती दारू-सिगारेटमुळे, मरतात ती एकमेकांना गोळ्या घालून, आणि कातडी जाड असल्याने त्यांना दुखतंही कमी. एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण खाली मावसभावाने विचारलं, "म्हणजे त्यांना पेनकिलर कमी लागतं का?" तो जुलैत शिकागोला रेसिडेन्सीला, म्हणजे रुग्णालयात डॉक्टरकीच्या पुढच्या प्रशिक्षणाला, चाललाय. उद्या पोट धरून आलेलं पोरगं त्याच्याच समोर असणार.

म्हणून आधी कातडीचं. साफ खोटं आहे ते. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २२२ गोऱ्या मेडिकल विद्यार्थ्यांना आणि रेसिडेंट डॉक्टरांना असल्या समजुतींबद्दल विचारलं. जवळपास निम्म्यांना त्यातली एखादी तरी खरी वाटत होती. त्यांनीच काळ्या पेशंटचं दुखणं कमी धरलं, आणि उपचारही चुकीचे सुचवले. अपेंडिक्सने तळमळणाऱ्या मुलांच्या नोंदींतही हेच दिसलं: दुखणं तितकंच तीव्र, तरी काळ्या मुलांना जोरदार वेदनाशामक मिळण्याची शक्यता कितीतरी कमी.

मी गडचिरोलीकडे एका ग्रामीण रुग्णालयात लॅबला होते. सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचा क्रायसिस, म्हणजे तीव्र वेदनांचा झटका, आलेला बारा वर्षांचा आदिवासी मुलगा ओरडत नव्हता, चादरीचा कोपरा दातांत धरून पडला होता. "ओरडत नाही, म्हणजे फार नसेल," असं म्हणणारे तिथेही होते. अमेरिकेत हा आजार मुख्यतः काळ्या कुटुंबांत आहे. तिथे अशी मुलं औषध मागतात, तर नशेसाठी मागतायत असा संशय घेतला जातो.

दारू-सिगारेटचं तर उलटंच आहे. मिशिगन विद्यापीठ १९७५ पासून दरवर्षी बारावीच्या मुलांना विचारतंय; दोन्हींत काळी मुलं वर्षानुवर्षं गोऱ्या मुलांपेक्षा मागे आहेत.

गोळ्यांचं निम्मं खरं, ते नाकारत नाही. १५ ते २४ वयाच्या काळ्या मुलग्यांत खून हे मृत्यूचं पहिलं कारण आहे. पण २०२० मध्ये तिथल्या १ ते १९ वयाच्या सगळ्या रंगांच्या मुलांत मिळून बंदूक मृत्यूचं पहिलं कारण ठरली. हे मेसेज लिहिणाऱ्याने का गाळलं?

मावशी, तो मेसेज आत्ता डिलीट कर. आणि तू, बाळा, पेशंटला दहापैकी किती दुखतंय ते विचार, आणि तो सांगेल तोच आकडा केसपेपरवर लिही.