सर, मला तिथे रेषाच भेटली

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटेना, म्हणून हे सविस्तर. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की नवमाध्यम कला, म्हणजे व्हिडिओ, कॉम्प्युटर, इंटरनेट वापरून केलेली कला, कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी दाखवावी. त्यावर एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं तीस वर्षं घडवलेल्या या चित्रकला शिक्षकांनी लिहिलं: "आधी रेषा येऊ द्या. बटण दाबायला हात घडवावा लागत नाही. वीज गेली की ही कला गेली. परदेशातले जड शब्द पाठ करून मुलं काय शिकणार? आमच्या शाळेच्या अडगळीत एक जुना टीव्ही पडलाय, त्यालाही आता कला म्हणायचं का?"

टीव्हीपासूनच सुरुवात करते. माझीही तिथूनच झाली.

दुसऱ्या वर्षाला असताना कलेच्या इतिहासाच्या तासाला एक स्लाइड दिसली. एक टीव्ही, त्याच्या डोक्यावर घोड्याच्या नालेच्या आकाराचं भलंमोठं लोहचुंबक. कोरियात जन्मलेला कलावंत नाम जून पाइक, 'मॅग्नेट टीव्ही', १९६५. अर्ध्या मिनिटात पुढची स्लाइड आली. मला तेव्हा तुमच्यासारखंच वाटलं होतं, सर, की यात चित्रकाराने केलं काय? ते डोक्यातून जाईना. शेवटी मैत्रिणीला घेऊन टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गेले आणि एक जुना ब्लॅक अँड व्हाइट सेट मागितला. दुकानातल्या काकांनी कशासाठी ते विचारलं. ऐकल्यावर म्हणाले, "ब्लॅक अँड व्हाइटलाच लावा हां. कलरला लावलंत तर आतली जाळी चुंबकित होते, रंगांचा डाग बसतो." मग जुन्या स्पीकरचं चुंबकही त्यांनीच काढून दिलं.

खोलीवर अँटेना लावला, दूरदर्शनच्या बातम्या आल्या. मी चुंबक टीव्हीच्या वरच्या कडेला नेलं. चित्र वर खेचलं जाईल असं मला वाटलं होतं. ते आडवं सरकलं. निवेदिकेचा गाल काचेच्या कडेकडे ओढला गेला, ओला वॉटरकलर असलेला कागद तिरका धरल्यावर रंग ओघळतो तसा. चुंबक जरा फिरवलं की गाल परत यायचा आणि खांदा पिळवटायचा. बोटभर अंतराने सगळं बदलत होतं. बातम्या संपेपर्यंत आम्ही दोघी तेच करत बसलो.

दुसऱ्या दिवशी काकांनी समजावलं. ट्यूबच्या मागच्या टोकातून इलेक्ट्रॉनचा झोत निघतो. गळ्याभोवतीच्या कॉइल त्याला डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरवतात. एका फ्रेमला ६२५ ओळी, सेकंदाला २५ फ्रेम. काचेवर झोत पडतो तिथे उजेड होतो. चुंबक जवळ आलं की झोताची वाट वाकते, आणि चुंबकाच्या ओढीच्या दिशेने न जाता त्या दिशेला काटकोनात वाकते. म्हणून चित्र आडवं गेलं. सर, मी लहानपणापासून ज्याच्यासमोर बसत होते ते रेषांनी भरलेलं चित्र होतं, आणि हे मला तोवर माहीतच नव्हतं.

मग पाइकची आणखी एक गोष्ट वाचनात आली. १९६३ साली जर्मनीतल्या वुपरटाल शहरात, पारनास गॅलरीत त्याचं पहिलं मोठं प्रदर्शन होतं. तिथे मांडायच्या सेटपैकी एक बिघडला. काचेवर मधोमध नुसती एक आडवी पांढरी रेघ. आमचे काका याला "व्हर्टिकल गेलं" म्हणतात, महिन्यातून दोन-तीन असे सेट त्यांच्याकडे यायचे. पाइकने तो सेट उचलून कुशीवर ठेवला. रेघ उभी झाली. त्या कामाचं नाव 'झेन फॉर टीव्ही'.

तुम्ही म्हणता, आधी रेषा. मला तिथे रेषाच भेटली. आडवी रेघ निजलेली असते आणि उभी रेघ उभी राहते, हे तुमच्यासारख्याच एका सरांनी मला सहावीत फळ्यावर शिकवलं होतं. ते शिकवणं नसतं तर पाइकने काय केलं ते मला उमगलंच नसतं. त्या टीव्हीसमोर बसून मी वाकलेल्या ओळींची पेन्सिलने चाळीसेक रेखाटनं केली, ती वही अजून आहे. म्हणून चित्रकला आधी हवी या तुमच्या म्हणण्याशी माझं भांडण नाही. पण 'आधी' म्हणजे चार वर्षं दुसरं काही बघायचंच नाही, हे मला पटत नाही.

हाताबद्दल. हा सगळा परदेशी खेळ आहे असं तुम्हाला वाटतं म्हणून मुंबईतलंच उदाहरण देते. १९६९ मध्ये चित्रकार अकबर पदमसींना नेहरू फेलोशिप मिळाली. तिच्या पैशातून त्यांनी मुंबईत व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप उभं केलं. चित्रकारांनी कॅमेरा हाताळावा, फिल्म करून पाहावी, यासाठी. पदमसींनी तिथे 'सिझिजी' ही फिल्म केली, सगळी रेषांची, हजाराच्या आसपास रेखाटनांतून. कॉम्प्युटर नव्हता. एकेक रेखाटन हाताने. जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या चित्रकार नलिनी मलानींनीही 'ड्रीम हाउसेस' ही फिल्म तिथेच केली. आमच्या तीन वर्षांच्या इतिहासाच्या नोट्समध्ये या वर्कशॉपवर एक ओळ नव्हती. मला सल आहे तो याचा.

विजेबद्दल मात्र तुम्ही मला खरंच विचारात पाडलंत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. दिवा विझला की पडद्यावरचा रावण गेला, पण बाहुली पेटीत राहते. आता नवमाध्यम कलेत दिवा विझल्यावर पेटीत काय राहतं? दक्षिण कोरियात ग्वाचॉनच्या संग्रहालयात पाइकचा १००३ टीव्हींचा मनोरा आहे, १९८८ चा. सेट जुने होऊन धोका वाढला म्हणून २०१८ मध्ये तो बंद केला. मग ७३७ सेट दुरुस्त केले किंवा जुने शोधून बदलले, उरलेल्या २६६ जागी सपाट एलसीडी बसवले आणि २०२२ मध्ये मनोरा पुन्हा सुरू झाला. एलसीडीत झोत नाही, वाकणारी रेषाही नाही. मग ते २६६ पाइकचेच का? मला वाटतं, मनोऱ्यासारख्या कामात चालतं, कारण तिथे महत्त्व सेटच्या मांडणीला आणि त्यांवर धावणाऱ्या व्हिडिओला आहे. 'मॅग्नेट टीव्ही'त एलसीडी लावला तर काम मेलं. चुंबक ठेवून काहीच होणार नाही. हा फरक करता येणं हे माझ्या मते या कलेचं खरं शिक्षण आहे, आणि तो वीज जाण्याच्या भीतीतूनच शिकता येतो. शिवाय हरवायला वीजच जावी लागते असंही नाही. पदमसींच्या दुसऱ्या फिल्मची, 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर'ची, एकुलती एक प्रिंट हरवली ती हरवलीच.

राहिले जड शब्द. इथे तुमचं म्हणणं मान्य. तिसऱ्या वर्षाला मी नवमाध्यमांचे अभ्यासक लेव्ह मानोविच यांच्या २००१ च्या पुस्तकावर निबंध लिहिला, 'अंकीय प्रतिरूपण', 'ट्रान्सकोडिंग' सगळं घालून. बाईंनी एका वाक्याखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "हे मला करून दाखव." मला येईना. दोन दिवस लॅबमध्ये घालवले. शेवटी आजीच्या फोटोची फाइल (बीएमपी प्रकारची) वर्डपॅडमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. पानभर अगम्य अक्षरं. काहीही न लिहिता सेव्ह केली आणि पुन्हा चित्र म्हणून उघडली. वर्डपॅडने तो मजकूर समजून ओळींचे शेवट 'नीट' केले होते, मध्येमध्ये आकडे घुसले होते, आणि आजीचं नऊवारी तिरकं सरकून हिरव्या-गुलाबी पट्ट्यांत विस्कटलं होतं. फोटो म्हणजे ओळीने मांडलेले आकडे, हे वाक्य मला त्या दिवशी कळलं. मुलांच्या हातात शब्द आधी देऊ नयेत. आधी वस्तू द्यावी, मग शब्द.

आता तुमच्या अडगळीतला टीव्ही. तो ब्लॅक अँड व्हाइट असेल तर फेकू नका. मागचं झाकण मुलांना उघडू देऊ नका, बंद असला तरी ट्यूबमध्ये हाय व्होल्टेज साठून राहतं. मेकॅनिककडून एकदा तपासून घ्या. सिग्नल नसला तरी चालेल, मुंग्याही वाकतात. मुलांना चुंबक आळीपाळीने धरू द्या आणि बाकीच्यांना समोर वही-पेन्सिल घेऊन बसवा. माझं स्पीकरचं चुंबक अजून आहे. हवं असेल तर कळवा, पाठवते.