पंधरा किलो भरले म्हणून लगेच बूस्टर?

शनिवारी कट्ट्यावर विषय मीच काढला. आमचा कट्टा म्हणजे कर्वेनगरात दूधडेअरीसमोरचा पार. माझ्या मुलीचं, चिऊचं वजन आदल्या दिवशी केलं होतं. साडेपंधरा किलो भरलं. उंची १०२ सेंटिमीटर, वय सव्वाचार. आणि बूस्टरच्या, म्हणजे गाडीच्या सीटवर ठेवून मुलाला उंच करणाऱ्या बैठकीच्या, खोक्यावर छापलंय, १५ ते ३६ किलो. मग ती आत्ता बसते त्या पाच पट्ट्यांच्या लहान मुलांच्या सीटमधून तिला काढायचं का?

"यात विचारायचं काय? मापात बसते ना, मग बसव," भाऊ म्हणाला. भाऊचं गॅरेज आहे, गाडीतला कुठलाही स्क्रू त्याला डोळे मिटून सापडतो. त्याचा मुलगा साडेपाचचा, वीस किलोचा. तो गेल्या दिवाळीपासून बूस्टरवर बसतो आणि भाऊच्या मते सुखात आहे.

नाना म्हणाले, "अरे पोरांनो, आमची मुलं तर मांडीवर वाढली. एवढं कसलं अवडंबर?" नानांनी तीस वर्षं एस.टी. चालवली, त्यामुळे ते बोलले की आम्ही ऐकतो. पण मास्तर गप्प बसले नाहीत. ते अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतात.

"नाना, गाडी ताशी पन्नासवर आहे असं धरा. म्हणजे सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर. समोर धडकली की हा सगळा वेग सेकंदाच्या दहाव्या भागात संपतो. साडेपंधरा किलोचं पोर त्या क्षणी दोनशे किलोहून जास्त जोरानं पुढे ओढलं जातं. धराल हातात?"

नाना काही बोलले नाहीत. मास्तरांनी आणखी एक सांगितलं, ते मला रात्री झोपताना आठवत राहिलं. पन्नासच्या वेगात आदळणं म्हणजे दहा मीटरवरून खाली पडणं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून.

"बरोबर, म्हणून तर बेल्ट हवा. बूस्टरवरही बेल्ट असतोच की," भाऊ म्हणाला.

इथे डॉक्टर मध्ये पडली. ती शाळेपासून आमच्याबरोबरची, आता लहान मुलांची डॉक्टर. "बेल्ट असतो, पण कुणाचा ते बघ. पाच पट्ट्यांच्या सीटमध्ये सीट गाडीला बांधलेली आणि मूल सीटला. दोन पट्टे खांद्यांवर, दोन कमरेवर, एक पायांच्या मधून. झटका सगळीकडे वाटला जातो आणि मूल खाली सरकत नाही. बूस्टर स्वतः कुणालाच धरत नाही. तो फक्त मुलाला उंच करतो. धरायचं काम गाडीच्या मोठ्या माणसांच्या बेल्टचं. आणि तो बेल्ट नीट बसायला मूल पूर्ण वेळ सरळ बसलेलं लागतं."

मग तिनं स्वतःच्या कमरेवर हात ठेवून दाखवलं. मोठ्या माणसाच्या कमरेची हाडं दोन्ही बाजूंना पुढे आलेली असतात, बेल्ट त्यांच्यावर अडतो. चार-पाच वर्षांच्या मुलात तो उंचवटा अजून नीट तयार झालेला नसतो. मूल जरा पसरून बसलं की कमरेचा पट्टा सुटतो आणि पोटावर चढतो. अशा वेळी धडक बसली तर मार आतड्याला आणि मणक्याला. बाहेरून फक्त पोटावर एक आडवा वळ दिसतो.

तेव्हा मी साताऱ्याची गोष्ट सांगितली. खरं तर तीच मनात सलत होती, वजन-उंची हे नुसतं निमित्त होतं.

गेल्या शनिवारी शेजाऱ्यांचा बूस्टर मागून घेतला आणि चिऊला त्यावर बसवून सासुरवाडीला निघालो. पाठ असलेला, चांगला बूस्टर. निघताना पट्टा अगदी चित्रातल्यासारखा बसला होता, खांद्याच्या मधोमध, खाली मांड्यांच्या वर. चिऊ खूश. इंग्लंडमधल्या लीड्सला माझी बहीण असते, तिच्या मुलीसारखी आपलीही सीट, म्हणून दर दहा मिनिटांनी सांगत होती. शिरवळ मागे पडलं आणि ती झोपली. खंबाटकी चढायच्या आधी बायकोनं मागे वळून पाहिलं, तर मान खिडकीकडे, कंबर पुढे सरकलेली आणि तिरका पट्टा गळ्याला टेकलेला. थांबलो, सरळ केली. जागी झाल्यावर तिला पट्टा मानेला टोचायला लागला, म्हणून तिनं तो हळूच काखेखाली घेतला. तिनं ते केलं कधी, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. साताऱ्यात उतरवताना दिसलं.

"काखेखाली म्हणजे छाती मोकळीच," डॉक्टर म्हणाली. "अख्खं वरचं शरीर पुढे जाणार. त्यापेक्षा बेल्ट बरगड्यांत घुसणं वाईट, आणि ते दोन्ही होणार."

भाऊ लगेच हरणारा नाही. आणि त्याचा पुढचा मुद्दा खरंच वजनदार होता. "तुम्ही पुस्तकातल्या सीटशी बूस्टरची तुलना करताय. माझ्याकडे येणाऱ्या गाड्या बघा. पाच पट्ट्यांची सीट आहे, पण ती गाडीला ढिली बांधलेली. मुलाच्या अंगावर जाड स्वेटर, त्यावर पट्टे, आत मूठ जाईल एवढी जागा. कित्येकांच्या मागच्या बेल्टची बकलं सीटकव्हरखाली गाडलेली. २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला ना, मागे बसले होते, बेल्ट नव्हता, त्यानंतर महिनाभर लोक बकलं वर काढून घ्यायला येत होते. असल्या ढिल्या सीटपेक्षा नीट लावलेला बूस्टर बरा, हे तरी मान्य करा."

मास्तरांनी मान्य केलं. मीही केलं. पण मला वाटतं, यातून निघतं ते एवढंच की सीट घट्ट करा. सीट बदला असं त्यातून निघत नाही. ढिलाई ही आपल्या हातातली गोष्ट आहे. मुलाची हाडं आणि झोप आपल्या हातात नाही.

कायद्याचा विषय निघालाच. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात १९४ ब कलम आलं. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टविना किंवा लहान मुलांच्या सुरक्षा सीटविना गाडीत असेल तर हजार रुपये दंड. पण कुठल्या मुलाला कुठली सीट, हे ते कलम सांगत नाही. ते ठरवायचं आईबापांनी. बहिणीकडे ब्रिटनमध्ये बारा वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, जे आधी होईल तोवर योग्य ती सीट सक्तीची. युरोपातल्या नियमात २०१७ पासून पाठ नसलेल्या नव्या बूस्टरला मान्यता मिळते ती १२५ सेंटिमीटर आणि २२ किलोच्या वरच्या मुलांसाठीच. नानांनी विचारलं, आपली मुलं तेवढी कधी होणार? डॉक्टर म्हणाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात पाच वर्षांच्या मुलाचं मधलं वजन १८.३ किलो आणि उंची ११० सेंटिमीटर. आपल्याकडची बरीच मुलं त्याहून बारीक असतात. म्हणजे नुसत्या वयाकडे बघून निर्णय घेतला, तर आपल्याच मुलांना सगळ्यांत लवकर बाहेर काढलं जाणार.

हे मला कधी सुचलं नव्हतं. चिऊच्या सीटची मर्यादा १८ किलो आहे. तिचे खांदे अजून पट्ट्याच्या सगळ्यांत वरच्या खाचेच्या खाली आहेत, कानांची वरची टोकं सीटच्या पाठीच्या आत आहेत. अजून अडीच किलो वजन आणि चार-पाच बोटं उंची हातात आहे. ती सीट तिला अजिबात लहान झालेली नाही. १५ किलो हा बूस्टर कुठून चालतो त्याचा आकडा, आधीची सीट कुठे संपते त्याचा नाही. मी दोन्हींची गल्लत करत होतो.

"आणि तुझा मुलगा?" मी भाऊला विचारलं.

"तो वीस किलोचा. जुन्या सीटमध्ये खांदे वर आले होते. मी काय करणार?"

"तुझं बरोबरच आहे," डॉक्टर म्हणाली. "तो झोपला तरी सरळ राहतो का, तेवढं बघ. आणि मधल्या जागेवर बसवू नकोस. तुझ्या गाडीत तिथे फक्त कमरेचाच पट्टा आहे, त्यावर बूस्टर चालत नाही."

भाऊ म्हणाला, ते मला माहीत आहे. मग जरा थांबून म्हणाला, पाहुणे आले की मधेच बसतो तो. पुढच्या वेळी पाहुणे रिक्षानं येतील.

चिऊला काय सांगायचं, यावर बराच वेळ गेला. तिला बूस्टर म्हणजे मोठं झाल्याची खूण वाटते. साताऱ्याहून परत येताना पाच पट्ट्यांत बसवलं तेव्हा ती रडली होती. डॉक्टर म्हणाली, वरच्या खाचेवर पेन्सिलनं एक रेघ काढ, तिचे खांदे तिथे पोचले की नवी सीट. मुलांना रेघ कळते, किलो कळत नाहीत. हे मी करणार आहे.

अंधार पडला होता. भाऊ उठला आणि म्हणाला, "चल, तुझी सीट बघू." साताऱ्यात सासऱ्यांच्या अंगणात ती मीच परत बसवली होती, परत निघायच्या घाईत. मोबाइलचा टॉर्च माझ्या हातात दिला. गाडीचा बेल्ट जिथून जातो तिथे सीट धरून त्यानं हलवली. ती चांगली वीतभर डावी-उजवीकडे गेली. एक इंचाच्या वर हलता कामा नये. भाऊनं सीटमध्ये गुडघा रोवला, सगळं वजन टाकलं आणि बेल्ट ओढला. ओढतच राहिला. मग खांद्याचे पट्टे. तिथेही चिमटीत मावेल एवढी घडी येत होती, ती त्यानं खालच्या पट्ट्यानं खेचून काढली.

आठवडाभर चिऊ त्याच सीटमध्ये बसून शाळेत गेली होती.